उगवतीकडे तोंड करून काढलेला नकाशा

नागपूरच्या ताई, गुडघा कसा आहे? जिना चढणं डॉक्टरांनी बंद केलंय, ते तुम्ही पाळता का हेही लिहा. पुसदचे गुरुजी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की अजून पुढं ढकलून राहिलात? ढाणकीच्या दादांचा खोकला आता निवळला असेल. आडतीवर धान्याची धूळ असतेच, तोंडाला दुपट्टा बांधत जा. आणि पुण्याच्या वर्षाबाई, बाळाचे दात आले का? आमच्या नातीला उशिरा आले होते, काळजी करू नका. माझं म्हणाल तर साखर थोडी चढती आहे, पण पाय चालतात. पाय चालले म्हणूनच हे लिहायला मिळतंय.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: मी यवतमाळात चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. शाळा सातवीपर्यंत. रद्दीत आलेला एक शालेय नकाशासंग्रह दुकानात ठेवून घेतला आणि नाद लागला. कोणी गिऱ्हाईक माप द्यायला आलं की आधी त्याचं गाव विचारायचं आणि मग ते नकाशात शोधायचं. गाव सापडलं की गिऱ्हाईकापेक्षा मलाच जास्त आनंद.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या बहिणीच्या मुलीचा, सुजाताचा, केळापूरहून फोन आला. ती एका कोलाम पोडावरच्या शाळेत शिकवते. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. "मामा, पोडाच्या लोकाइले जंगलाच्या सामूहिक हक्काचा दावा टाकाचा आहे. शुक्रवारी कागद द्याचे आहेत आन् हद्दीचा नकाशा काढाले कोणी नाही. तुम्ही या." मी म्हटलं, मी काही सर्व्हेवाला नाही. ती म्हणाली, "ग्रामसभेचा हातानं काढलेला नकाशा चालते. हात तुमचा सरळ आहे ना, बस."

बुधवारी सकाळी सातची एसटी धरली. माझ्या वयाला अर्धं तिकीट; पंच्याहत्तरी गाठलेल्यांना फुकट आहे, ते लक्षात ठेवा. खिडकी डावीकडची घ्या, ऊन सोसत असेल तर. या दिवसांत सागाची पानं गळालेली असतात आणि मध्येच पळस पेटल्यासारखा दिसतो. शेतांत तूर निघून गेलेली, कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या. करंजीजवळ वणीकडून आलेले कोळशाचे ट्रक लागले. तिथून पुढं रस्त्याकडेच्या झाडांची पानंही काळपट. एकाच जिल्ह्यात सकाळी पांढरं पीक आणि दोन तासांनी काळं पीक. पांढरकवड्याला उतरलं की चहाच्या टपरीवर तेलुगू कानावर पडते, कारण तेलंगणा हाकेच्या अंतरावर. शाळेच्या नकाशात दोन राज्यांमध्ये जाड रेघ असते. टपरीवर मात्र एकच माणूस एका वाक्यात दोन भाषा बोलतो. स्टँडवरचा तर्री-पोहा खा, पण तर्री कमी सांगा.

केळापूरला बहिणीकडे भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. पुढं काळीपिवळी जीपनं तीस रुपयांत शेजारच्या गावापर्यंत. जीपमध्ये मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "मारू पोड किती लांब?"

"दोन नाले."

"किलोमीटर किती?"

"ते मले नाही मालूम जी. दोन नाले वलांडले का आला पोड. पाण्याच्या दिवसांत तेच दोन नाले चार होते."

(मारू पोड हे नाव मी बदललंय. पोडांना बहुधा पहिल्या वस्ती करणाऱ्या नाईकाचं नाव असतं. तिथं न सांगता कुणी जाऊ नये म्हणून खरं नाव लिहीत नाही. जायचंच असेल तर मला लिहा, मी सुजाताला विचारून सांगेन.)

पायवाट बांबूच्या बेटांतून इतकी वळते की दिशेचं भान राहत नाही. आणि मी पोचलो तेव्हा सूर्य बरोब्बर डोक्यावर. पुढं जे घडलं त्याला हे कारण म्हणून सांगत नाही, पण झालं तसं सांगतो.

पोड तीसेक घरांचा. मधोमध चावडी, कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या. लेतू नाईक हे तिथले प्रमुख, माझ्याच वयाचे. त्यांनी पाणी दिलं, घोंगडी अंथरली आणि म्हणाले, "नकाशा आमी काढतो. तुमी कागदावर उतरवा."

मग त्यांनी काढला. चावडीपुढच्या अंगणात चुलीतल्या राखेनं. आधी नाला, मग टेकडी, मग गुरांची वाट, मग मसणवट. मोहाची झाडं जिथं दाट आहेत त्या उतारावर, म्हणजे अंगणाच्या डाव्या अंगाला, पळसाची पानं पसरली. शेवटी घरं. घरासाठी गोटा ठेवायचा, दार असेल त्या बाजूला राखेची खूण करायची, पण आपल्या घराचा गोटा आपणच ठेवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पाच जागा रिकाम्या राहिल्या. ती माणसं मिरच्या तोडायला तेलंगणात गेलेली. सुजाता म्हणाली, मी ठेवते त्यांचे. सगळे नाही म्हणाले. "येतीन तवा ठेवतीन." म्हणून माझ्या कागदावरही ती पाच घरं मी रिकामीच चौकटीत काढली.

गुरुवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात कागद पसरून बसलो. सोबत तालुक्याचा छापील नकाशा नेला होता. राखेच्या नकाशात शेजारचं गाव नव्हतंच. दुसऱ्याचं आपण कशाला काढायचं, असा त्यांचा हिशेब. मी मात्र छापील नकाशावरून त्या गावाची शीव पश्चिमेला, म्हणजे कागदाच्या डावीकडे, आखली. आखली आणि पाहतो तर पोडाचा मोहाचा उतार अख्खा त्या गावाच्या हद्दीत जाऊन बसलेला.

आता माझं शहाणपण पहा. मला वाटलं, भोळी माणसं, भावनेच्या भरात शेजाऱ्याचं रान ओढून घेतलंय. असा दावा गेला तर अख्खा कागद परत येईल. शिवताना जास्तीचं कापड बगलेतून काढतात, तसा मी तो उतार हद्दीबाहेर काढला आणि रेघ नाल्यावर आणून ठेवली. कुणाला विचारलं नाही. दुकानात चाळीस वर्षांत गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय कधी बोटभर कापड कापलं नाही, आणि इथं मोहाचं रानच कापलं.

दुपारी चावडीवर सगळे जमले. सह्या-अंगठे व्हायचे होते. मी कागद भिंतीला लावून समजावून सांगू लागलो: वर उत्तर, उजवीकडे पूर्व. माणसं माना हलवत होती. शिकलेला माणूस सांगतो म्हटलं की माना हलतात, याची मला फार लाज वाटते आता.

मागून जंगीबाई उठल्या. सत्तरीच्या, कपाळावर गोंदण, हातात लुगड्याचा ओचा. कोलामीत काहीतरी बोलल्या. लोक हसले. मग माझ्याकडे पाहून मराठीत विचारलं, "भाऊ, माहं घर कुठी?"

मी दाखवलं.

"दार?"

त्यांचा गोटा आणि त्याच्यापुढची दाराची खूण मला आठवत होती. "वरच्या बाजूला."

"आन् तुह्या कागदात सकाळ कुठून होते?"

मी उजवीकडे बोट केलं.

"मंग माह्या दारात ऊन आडवं येते म्हनतं का? जलमभर सकाळचं ऊन माह्या चुलीवर पडलं. तू कालच आला आन् सूर्य हलवला."

सगळी चावडी हसली. मी पण हसलो, आणि हसता हसता अंगणाकडे पाहिलं. अंगणातली राख अजून पुसली नव्हती. तिच्याजवळ गेलो. काल सगळे कुठं तोंड करून बसले होते? उगवतीकडे. पोडात चावडीसमोर बसायचं ते उगवतीकडेच तोंड करून. सुजाताला हे माहीत होतं, मला सांगावं असं तिला वाटलंही नाही, इतकं ते रोजचं. म्हणजे राखेच्या नकाशाचा माथा पूर्व होता. आणि उगवतीकडे तोंड केलं की डाव्या हाताला उत्तर येते. मोहाचा उतार पोडाच्या उत्तरेला होता. शेजारचं गाव पश्चिमेला. दोघांचा एकमेकांशी संबंधच नव्हता.

कागद गुपचूप फिरवून नवा काढता आला असता. उताराचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण अंगठे घ्यायला निघालेल्या कागदावरून मी काय काढून टाकलं होतं, ते त्यांना कळायला हवं होतं. मी लेतू नाईकांना सांगितलं की मोहाचा उतार मी हद्दीबाहेर टाकलाय.

"टाकला? काहून?"

"वाटलं, तुम्ही शेजाऱ्याचं ओढलं."

बाहेर कोंबड्या राखेत पाय ओढत होत्या. महिन्याभरात मोह गळायला लागणार होता. पहाटे टोपल्या घेऊन अख्खा पोड त्या उतारावर असतो, आणि वर्षाचं मीठ-तेल त्याच्यावर चालतं. दाव्यात उतार नसता तर उद्या कुणी विचारलं असतं, तुमच्याच कागदात नाही, मग इथं काय करता.

जंगीबाईच बोलल्या. "शेजाऱ्याचं वढाचंच असतं तं त्याची विहीर वढली असती. मोह आमच्याकडं आहेच."

लेतू नाईक म्हणाले, "चाल मंग. कागद राहू दे. पायानं दाखवतो."

तीनच्या सुमारास निघालो. पुढं लेतू नाईक, मागं दहा-बारा माणसं, मी छत्रीची काठी करून. हद्द कशी चालते ते असं: हा धोंडा, तिथून ते दोन फांद्यांचं तेंदूचं झाड, तिथून जिथं गुरं पाणी पितात तो डोह. प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी आठवण. इथं अस्वल दिसलं होतं, इथं अमकीला पोरगा झाला, लाकडं आणायला गेली असताना. मी वहीत टिपत गेलो आणि दर वेळी सूर्य कुठं आहे तेही लिहिलं. आता सोडतो का मी त्याला.

उतारावर शेजारच्या गावचा एक माणूस बकऱ्या चारत भेटला. सुजातानं विचारलं, "काकाजी, हे मोह कोनाचे?"

"कोनाचे म्हंजे? पोडाचे. आमच्या बाया वेचाले आल्या होत्या मागं, तं हे जंगीबाई शिव्या देत नाल्यापर्यंत सोडाले आली."

"शिव्या कायले देईन मी," जंगीबाई म्हणाल्या. "रस्ता दाखवला."

"साक्षीला सही देसान का?" लेतू नाईकांनी विचारलं.

त्यानं बकऱ्यांकडं पाहिलं, जंगीबाईंकडं पाहिलं. "देतो. पन माह्या बकऱ्यांले डोहावर पानी पिऊ द्याचं."

"कधी नाही म्हटलं?"

"तेच. कागदात लिवा."

लिहिलं. शेजारच्या गुरांना डोहावर पाणी, हे त्या नकाशावर आहे.

संध्याकाळी व्हरांड्यात बसून दुसरा कागद काढला. जेवायला ज्वारीची भाकर आणि तुरीचं आळण होतं. नकाशा मी त्यांच्यासारखाच काढला, माथ्याला पूर्व. उत्तरेचा बाण डावीकडे, ठळक, म्हणजे वाचणाऱ्याला अडचण नको. मोहाचा उतार डाव्या अंगाला आणि प्रत्येक झाडासाठी एक टिंब. शुक्रवारी सकाळी आधी सूर्य वर येऊ दिला, मग कागद अंगणात त्या दिशेला ठेवला. प्रत्येकानं येऊन आपलं घर बोटानं दाबून पाहिलं. जंगीबाईंनी दार दाबलं, उगवतीकडं पाहिलं आणि अंगठ्यासाठी हात पुढं केला.

कचेरीत मी, सुजाता, लेतू नाईक आणि बकऱ्यांचे काकाजी गेलो. टेबलावरच्या बाबूंनी नकाशा हातात घेतला, आडवा केला, उभा केला. "आजोबा, उत्तर वर पाहिजे ना?"

लेतू नाईक म्हणाले, "साहेब, आमी असेच बसतो."

बाबूंनी बाणाकडं पाहिलं, मान डावीकडे वाकडी केली, पुन्हा सरळ केली. मग कागद होता तसाच ठेवून पोच दिली. त्यांच्याबद्दल मला फार बरं वाटलं. दावा मंजूर होईल की नाही ते अजून माहीत नाही. तपासणीला माणसं येतील, वेळ लागेल. पण उतार आता दाव्यात आहे. तपासायला येणाऱ्यांना लेतू नाईक पायानं दाखवतील.

रात्रीच्या आत घरी आलो. पाय दोन दिवस दुखले. मोहाच्या तेलानं चोळा म्हणून सुजातानं बाटली दिली होती. भिंतीवर माझा मोठा जिल्ह्याचा नकाशा आहे. त्यात मारू पोडाच्या जागी कोरा हिरवा रंग आहे. आधी तिथं मला नुसतं जंगल दिसायचं. आता तिथं जंगीबाईंची चूल दिसते आणि तेंदूचं दोन फांद्यांचं झाड, आणि मिरच्यांवरून परतणाऱ्या पाच घरांची जागा. मी तिथं पेन्सिलनं काही लिहिणार होतो, पण थांबलो. त्यांनाच विचारून लिहीन.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. आज घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर किंवा कागदावर तुमच्या जुन्या गावाचा नकाशा काढायला सांगा. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. कुठं तोंड करून बसले, पहिली रेघ कशाची ओढली आणि काय वगळलं, एवढंच पहा. आणि मला लगेच लिहा. गुरुजी, तुम्ही तरी उशीर करू नका. मी वाट पाहतोय.