दादाच्या दारातली अकरा वर्षं

मास्तर शिंपी. माप घेताना ओठांत आठ-दहा टाचण्या, आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं की उत्तर एकच, "हं." बायको सांगायची, "लग्नात फादरनी संमती विचारली तेव्हाही हे 'हं'च म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे 'हो' निघालं."

असा हा माणूस एकदाच घडाघडा बोलला, आणि नको ते बोलला. आईला माती देऊन सगळे परतत होते. चारचौघांत थोरल्या भावाला म्हणाला, "डॉक्टरला उशिरा बोलावलंस. तूच मारलंस तिला." महिन्याभराने डॉक्टरनेच सांगितलं, लवकर बोलावूनही काही होणार नव्हतं. तोवर दादाने बोलणं टाकलं होतं.

पुढच्या रविवारी फादर म्हणाले, देव रोज आपल्याला त्याच्या मेजावर, पवित्र भाकर घ्यायला बोलावतो. पण भाऊ दुखावलेला असेल तर आधी त्याच्याकडे जा, मग या. मास्तरांनी ते मनावर घेतलं. म्हणजे किती? अकरा वर्षं! रोज सकाळी चर्चमधल्या मिस्सेआधी दोन गल्ल्या ओलांडून दादाचं दार वाजवायचं, "दादा, मी आहे" म्हणायचं, आणि मनात एक प्रार्थना म्हणून होईपर्यंत थांबायचं. दार काही उघडायचं नाही. मग चर्चमध्ये शेवटचा बाक. पवित्र भाकर घ्यायला सगळे उठले की हे पाय आखडून बाकीच्यांना वाट देणार आणि जागेवरच बसणार. फादर समजावून समजावून थकले. "अहो, तुम्ही तुमच्याकडून जाताय ना? मग या की पुढे." यांचं आपलं, "हं."

दादा दगड आहे, असं नातेवाईक म्हणायचे. खोटं कशाला बोला, मास्तरांनाही आतून तसंच वाटायचं.

परवा दादाच्या शेजारच्या बाईंनी त्यांना दादाच्या दाराशी हटकलं. "मास्तर, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? मुलगी त्यांना घेऊन गेली, दोन महिने झाले. मी बहिणीकडे होते, कालच आले. त्यांचं डोकं चालत नाही आता. पोटच्या पोरीलाही ओळखत नाहीत."

दोन महिने मास्तर रिकाम्या घराचं दार वाजवत होते; दाराला लॅच, बाहेरून काही कळायचं नाही. "एकदा तरी उघडायचं होतं त्याने," ते म्हणाले.

बाई घुटमळल्या. "सकाळी चहा द्यायला मीच जायचे. तुमची वेळ झाली की ते दाराला लावून खुर्ची घ्यायचे आणि बसायचे. म्हणायचे, आज 'चुकलं' म्हणाला, की लगेच उघडतो. तुम्ही गेलात की खुर्ची परत टेबलाशी."

मास्तर घरी आले आणि दुकान न उघडता बसून राहिले. 'आधी भावाकडे जा' हे सांगणं त्यांनी एक दिवसही खाडा न करता पाळलं होतं. मी रोज येतो, यात सगळं आलं, असंच ते धरून चालले होते. माफी म्हणून वेगळी मागायची असते, हे अकरा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी गेले. आत कुणी नाही हे ठाऊक होतं. दार वाजवलं. "दादा," म्हणाले, "मी आहे." पुढचा शब्द मात्र येईना. ऐकायला चिटपाखरू नव्हतं, तरी काही केल्या येईना. तिकडे मिस्सेची घंटा झाली. मास्तर तसेच उभे होते. दादा आत खुर्चीवर बसलेला असता, तरी हे दार आजही बंदच राहिलं असतं, हे त्यांना कळून चुकलं होतं.