हसूदाखालाचे डोळे

शुब्रा मोहल्ल्यात इन्शिराहचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. हसूदाखाला मात्र घराघरात होती. मुलांच्या मासिकात मधल्या पानावर इन्शिराह भावना काढायची. राग म्हणजे मिरचीच्या तोंडाचा शत्ता, भीती म्हणजे घरभर पळणारं कोंबडीचं पिल्लू आणि हेवा म्हणजे ही हसूदाखाला, बशीएवढ्या डोळ्यांची, सदा दुसऱ्याच्या गॅलरीत डोकावणारी. इन्शिराहने लग्न केलं नाही, शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली ('अब्ला', म्हणजे बाई, ही हाक तेवढी मागे उरली), भावाच्या घरात खिडकीजवळ एक टेबल भांडून मिळवलं, ते या बाईपायी.

हसूदा कुणालाच स्वतःसारखी दिसत नसे. "वन्सं, ही अगदी वरच्या मजल्यावरची नगाफा हो!" भावजय तफीदा म्हणायची. नगाफा जिन्यात अडवून म्हणायची, "अब्ला, वहिनीला बरी पकडलीत!" इन्शिराहला दोघींचीही कीव येत नसे.

मग एक दिवस संपादक डॉक्टर वगदींनी बोलावलं. हे बालमानसशास्त्र परदेशात शिकून आलेले.

"अब्ला, हसूदा बंद. तिची नजर घरात आली की पोरांना ताप येतो, असं आया म्हणतात. पुढच्या अंकात तिला पश्चात्ताप होऊ दे आणि ती कायमची अलेक्झांड्रियाला जाऊ दे."

"तुम्हीसुद्धा नजर मानता?"

"छे! वाचक मानतात," असं म्हणत साहेबांनी किल्ल्यांना लावलेला, नजर लागू नये म्हणूनचा निळा मणी चाचपला.

"आणि शेजारच्याची सायकल बघून जळणारं पोर? त्याला वाटेल, जगात आपण एकटेच असे वाईट."

"त्याला आनंद दाखवा."

इन्शिराह दार आपटून निघाली.

आठवड्याभरात साहेबांचाच फोन आला. आवाजात साखर. अंक हातोहात खपला होता. नजर उतरवायची रीत अशी, की कागदाची बाहुली कापून, संशय असेल त्या एकेकाचं नाव घेत तिच्या डोळ्यांत सुई टोचून, ती धुपात जाळायची. तर आयांना ती बाहुली मासिकात आयतीच मिळाली होती. "हसूदा राहू दे! फक्त कडेने कापायला ठिपक्यांची रेघ काढा. आणि डोळे थोडे मोठे."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. तफीदा लेकीच्या रुखवतातल्या नव्या पडद्यांपाशी बसली होती, हातात कापलेली हसूदा.

"नगाफाच्या नजरेची... विहीणबाईंच्या नजरेची... इन्शिराहच्या नजरेची..."

"माझ्याही?"

तफीदा दचकली, पण सुई थांबली नाही. "राग मानू नका हो वन्सं. सगळ्यांचीच नावं घेतात. नगाफाला दोनदा टोचलंय."

"कान राहिलाय कापायचा. धड कापताही येत नाही तुला."

त्या महिन्याचं पान इन्शिराहने मन लावून काढलं. एक मुलगा शेजारच्याच्या नव्या सायकलीकडे बघत रडतोय. शेजारी हसूदाखाला बसलीय, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत पाठमोरी.

डॉक्टर वगदींनी पान उलटसुलट केलं. "डोळे कुठायत?"

"ती पाठमोरी आहे."

"मग बायकांनी टोचायचं कुठे?"

बालमानसशास्त्राच्या डॉक्टरांना पडलेला हा प्रश्न! मुलगा का रडतोय, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. इन्शिराहने पान त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि जिना उतरली.

मधलं पान साहेबांच्या भाच्याकडे गेलं. त्याने ठिपक्यांची रेघ चांगली ठळक काढली. इन्शिराहने त्या अंकाला हात लावला नाही. तफीदाने दोन घेतले.