शुभदाची हिरवी ओळ

शुभदा सहा वर्षं अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबचे पैसे सांभाळते आहे आणि तिनं बेसबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही. एकदा लेकीला, अवनीला, शेजारी बसवून पाहायला घेतला होता. तासाभरानं अवनी इथल्या शाळेतल्या पोरांसारखं 'लाह' लावून म्हणाली, "आई, काहीच होत नाहीये लाह," आणि दोघी उठून हॉकर सेंटरला जेवायला गेल्या.

इथे परदेशात, बुकित बातोकला, आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये ती राहते. मूळची साताऱ्याची, एम.कॉम. पुण्याला झालेली. नवरा निशिकांत जहाजावर चीफ इंजिनिअर, वर्षाचा निम्म्याहून जास्त काळ समुद्रावर. म्हणजे इथलं घर शुभदाच्या पासवर, इथे राहायच्या सरकारी परवान्यावर, उभं आहे. तिची नोकरी आहे म्हणून पास, आणि पास आहे म्हणून अवनीची शाळा. ती हे कधी बोलून दाखवत नाही. फक्त दर ऑगस्टमध्ये, नोकरीचा करार नवा व्हायच्या सुमारास, ती थोडी बारीक होते.

तिचं ऑफिस पाया लेबारला. अमेरिकेतले लोक झोपतात तेव्हा इथले लोक त्यांचे आकडे लावून ठेवतात, सकाळी उठल्यावर त्यांना पान वाढलेलं मिळावं तसं. तिकडे जुलैत नव्या पोरांचा ड्राफ्ट होतो, म्हणजे कुठल्या क्लबनं कोणता खेळाडू घ्यायचा ते ठरतं. तो संध्याकाळी सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ असते. शुभदाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. निवडलेल्या प्रत्येक पोराला करारावर सही करताना बोनस द्यायचा असतो, आणि तो कोणाला किती द्यायचा याचा मेळ तिनं घालायचा.

ते काम तिनं मला गवार निवडता निवडता समजावलं होतं. "असं धर, एका घरात दहा लग्नं आहेत. प्रत्येक लग्नाला किती खर्च करायचा ते वरच्यांनी ठरवून दिलंय. एकाचं साधेपणानं करून दुसऱ्याचं दणक्यात केलंस तरी चालतं, बेरीज जमली पाहिजे. बेरीज जरा वर गेली तर दंड. पाच टक्क्यांच्याही वर गेली, तर पुढच्या वर्षी पहिल्या पंगतीचा मानच गेला."

"आणि एखादं मोडलं तर?" मी विचारलं.

"तर त्याच्या वाट्याचे पैसे पेटीतून गेले. ते दुसऱ्याला देता येत नाहीत. खरी गंमत तिथेच आहे."

गेल्या जुलैत ती गंमत तिच्यावरच आली.

क्लबला शाळेतून नुकताच बाहेर पडलेला एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हवा होता. पोरगं अठरा वर्षांचं, हातात विजेसारखा वेग, आणि अपेक्षा ठरलेल्या किमतीच्या कितीतरी वर. त्याच्यासाठी पैसे जमवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे कॉलेजची सगळी वर्षं संपलेली पोरं घ्यायची. त्यांना परत कॉलेजात जाऊन पुढच्या वर्षी भाव वाढवता येत नाही. मिळेल ते घेऊन ती सही करतात. नवव्या फेरीत असाच एक कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, घेतला होता. त्या जागेची किंमत होती पावणेदोन लाख डॉलर, आणि क्लबच्या स्काउटला, म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू हेरणाऱ्या माणसाला, तो फोनवर म्हणाला, दहा हजारात येतो.

शुभदाच्या शीटवर प्रत्येक खेळाडूची एक ओळ असते. बोलणी चालू असतील तर पिवळी, सही झाली की हिरवी. त्या फोननंतर तिनं कॅचरची ओळ हिरवी केली.

नियम तिला पाठ होता. पण ती ज्या घरात वाढली तिथे बैठकीत सुपारी फुटल्यावर कुणी माघार घेतली, तर पुढच्या चार लग्नांत तेवढीच चर्चा चालते. पोरानं हो म्हटलं, झालं. हात आपोआप हिरव्या रंगाकडे गेला. तिची शीट पाहून तिकडे वाचलेले पैसे मोकळे झाले, पिचरनं सही केली, क्लबची टोपी घालून त्याचे फोटो छापून आले. आणि कॅचरनं फोन उचलणं बंद केलं.

सही करायची मुदत संपायला आठवडा राहिला होता. शुभदानं बेरीज मांडून पाहिली. बाकी सगळ्यांच्या सह्या झालेल्या, कुणाचंच काही कमी करता येण्यासारखं नव्हतं. कॅचर दहा हजारात आला तर पाच टक्क्यांच्या आत आणखी साठ हजारांची जागा शिल्लक होती. नाही आला तर क्लब सरळ रेषेपलीकडे, आणि पुढच्या वर्षीचा पहिला खेळाडू हातचा गेला. तो गेला तर क्लब हे काम या ऑफिसकडे ठेवणार नव्हता, आणि शुभदाचा ऑगस्ट कसा जाणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

तिचा मॅनेजर संकेत, मुंबईचा, तिच्यापेक्षा बराच लहान. त्यानं शीट पाहिली आणि खुर्ची मागे घेतली.

"शुभदाताई, सुपारी फुटली की लग्न झालं हे आपल्याकडे. यांच्याकडे सही."

मग त्यानं दार लावून घेतलं आणि सुचवलं की ओळ गुपचूप पिवळी करू, स्काउटचा निरोपच चुकीचा आला असं म्हणू. वाईट माणूस नाही तो, त्यालाही घर आहे. शुभदानं ओळ पिवळी केली, पण क्लबमध्ये या पैशांचा निर्णय घेणाऱ्या ग्रेगला पुढच्याच कॉलवर स्वतःहून सांगितलं की घाई आपण केली, स्काउटचा दोष नाही. ग्रेगनं विचारलं की आता पुढे काय, आणि त्यानंतर त्या चुकीबद्दल एक शब्दही काढला नाही. शुभदा म्हणते, ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढे काय, याचं उत्तर तिच्यापाशी तयार होतं. पोरगा रुसलाय. पिचरचं कौतुक सगळीकडे छापून आलं आणि याला कुणी साधी टोपीसुद्धा पाठवली नाही. लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाला टॉवेल-टोपी द्यायची राहिली की मामा मांडवाबाहेर जाऊन बसतो. तिथे फोन करून भागत नाही, कुणीतरी उठून जावं लागतं. तिनं ग्रेगला गळ घातली की स्काउटला त्याच्या गावी पाठवा, क्लबची टोपी आणि शर्ट घेऊन. त्याची आई जे वाढेल ते खाऊन या म्हणावं, आणि बोनस दहाचा तीस करा. ग्रेगला मामा समजला नाही, पण माणूस पाठवणं समजलं.

स्काउट मक्याच्या शेतांमधून चार तास गाडी चालवत गेला. आईनं घरी भाजलेला ॲपल पाय वाढला, त्यानं दोनदा घेतला. पोरानं टोपी घातली, शर्ट अंगाला लावून पाहिला, मनापासून आभार मानले, आणि तीस हजारांवर म्हणाला, विचार करतो.

त्या दिवशी शुभदा जुरोंग ईस्ट स्टेशनला गाडी बदलायला उतरली ती फलाटावरच बसून राहिली. घरी आली तेव्हा निशिकांतचा कॉल आला, जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. आयुष्यभर बंदराबंदरात सुट्या भागांचे भाव करत आलेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पोराचा फोन बंद लागतो की वाजतो?

"वाजतो. उचलत नाही."

"मग रुसला कुठला? रुसलेला माणूस फोन बंद करून ठेवतो. हा वाजू देतोय, म्हणजे मोजतोय. तुझा मामा नाही तो शुभा, तो व्यापारी आहे."

"अहो, बावीस वर्षांचं पोर आहे ते."

"मी त्या वयात थर्ड इंजिनिअर होतो. मलाही सगळे पोरच म्हणायचे."

फोन ठेवल्यावर तिनं पहिल्यांदा सगळा हिशोब कॅचरच्या खुर्चीत बसून केला. त्याला काय माहीत असेल? सगळंच. प्रत्येक जागेची किंमत जाहीर असते, कुणाला किती मिळाले ते वर्तमानपत्रात येतं, पाच टक्क्यांचा नियम कुणालाही वाचता येतो. जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसलेल्या कुठल्याही पोराला कळलं असतं की क्लबकडे किती जागा उरली आहे, आणि आपण गेलो तर क्लबचं काय जातं. आपण ज्याला मान द्यायला निघालो, तो आपलीच शीट वाचत बसलाय, हे कळल्यावर तिला राग यायला हवा होता. ती म्हणते, मला हसूच आलं.

सकाळी ती ऑफिसला वेळेआधी पोचली आणि कॉलवर ग्रेगला म्हणाली, उरलेले साठच्या साठ देऊन टाका. संकेतनं टेबलाखालून तिला खूण केली, जरा दमानं. ग्रेगला ते मुळीच पटेना. त्याचं म्हणणं, चाळीसवर थांबू, शेवटच्या दिवशी येईल झक मारत. कॉलेज संपलंय, दुसरा कुठलाच क्लब त्याला आता घेऊ शकत नाही, त्याला दुसरं दार कुठे आहे?

"दुसरं दार नाही म्हणून माणूस याच दारानं आत येतो असं नाही," शुभदा म्हणाली. "तो अंगणात बसून राहू शकतो. आपण मात्र बसून राहू शकत नाही."

ग्रेगनं दंडाचा मुद्दा काढला. त्या साठ हजारांवर क्लबला वर आणखी भरावे लागणार होते. तिनं दंड धरून केलेला हिशोब समोर ठेवला, आणि शेजारी पुढच्या वर्षीच्या पहिल्या खेळाडूची किंमत. शिवाय मुदत संपली की उरलेली जागा कुणाच्याच उपयोगाची नाही, पुढच्या वर्षी नेता येत नाही. उपासाची खिचडी दुसऱ्या दिवशी डब्यात कोण नेतो? हे शेवटचं वाक्य तिनं मराठीत संकेतला ऐकवलं. ग्रेगनं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं तेच मांडलं, त्याच क्रमानं, आवाज न चढवता. त्यानं पंचेचाळीस म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मांडलं. संकेतनं तिला बाहेर बोलावून सांगितलं की ताई, आता पुरे, गिऱ्हाईक आहे तो. शुभदा म्हणाली, गिऱ्हाईक आहे म्हणूनच सांगतेय, परका असता तर कशाला घसा कोरडा केला असता.

त्या दिवशी ग्रेगनं मान तुकवली, पण एका अटीवर. स्काउटनं आधी आकडा सांगायचा नाही, पोराला विचारायचा.

स्काउटनं निरोप पाठवला, आकडा तूच सांग, आणि मग फोन लावला. या खेपेला फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. पोरगा म्हणाला, सत्तर हजार. आधीचे दहा अधिक राहिलेले साठ, वर एक डॉलर नाही, खाली एक डॉलर नाही. आणि दिलगिरी वाटल्यासारखा म्हणाला की मला आणखी मागता आलं असतं, पण मग तुम्हाला हो म्हणता आलं नसतं.

मुदतीच्या आदल्या दिवशी सही झाली. शुभदानं सही केलेला करार उघडला, शेवटच्या पानावरचं नाव आणि तारीख पाहिली, आणि मग ओळ हिरवी केली. कॅचरचा फोटो कुठे छापून आला नाही. तिनं शोधला होता, टोपी घातली आहे का ते बघायला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संकेत तिच्या टेबलाशी आला. त्याच्या हातात तिचा नवा करार होता, चेहऱ्यावर सुटका. एक वर्ष, पगार तोच. क्लबनं पुढच्या ड्राफ्टला तुमचंच नाव मागितलंय, असंही त्यानं खुशीत सांगून टाकलं. ते सांगायला नको होतं, हे त्याला अर्ध्या मिनिटानं कळलं.

शुभदानं कागद घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला. "विचार करून सांगते," ती म्हणाली.

"विचार कसला ताई? आज एचआरला द्यायचाय."

"दे की. माझी सही नाही त्याच्यावर, एवढं त्यांना सांग."

शुक्रवारी त्यानं पुन्हा विचारलं, ती हसून कामाला लागली. शनिवारी आमच्याकडे जेवायला आली तेव्हा तिच्या पानातला वरणभात तसाच राहिला. अवनीची शाळा, घराचं भाडं, सगळं त्या उलट्या कागदाखाली होतं, आणि तिला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, जाऊ दे ग, करून टाक सही. ती म्हणाली, सोमवारपर्यंत नाही.

सोमवारी संकेत दुसरा, पगार वाढवलेला कागद घेऊन आला. शुभदानं तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, एका ठिकाणी तारीख सुधारून घेतली, आणि मग त्याच्याकडे पेन मागितलं.