राष्ट्राध्यक्षांचे व्यवसायबंधू

आखातातल्या अल कुसैसच्या आमच्या ऑफिसात सकाळी कितीही वाळू झाडली तरी संध्याकाळी ती पुन्हा असतेच. सामंतकाकांच्या किश्शांचंही तसंच आहे. काका आमचे चीफ सर्व्हेअर. ते उन्हात जमीन मोजून आणतात, मी एसीत बसून तिचा नकाशा काढते. बारा वर्षं हेच चाललंय.

काकांच्या टेबलामागे गणपतीशेजारी अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं चित्र आहे. कारण एकच, तो गृहस्थ आधी सर्व्हेअर होता. सोळाव्या वर्षी जंगलात मोजणीला गेला होता. नवा माणूस जॉइन झाला की व्हिसा लागायच्या आधी त्याला ही माहिती मिळते.

एकदा एका सीरियन कन्सल्टंटने चित्राकडे बघून विचारलं, "युवर ग्रँडफादर?"

काका म्हणाले, "नो सर. सीनियर."

*

काकांबरोबर मोजणीच्या यंत्रासमोर प्रिझमची काठी धरायला गुलजार असतो, पेशावरकडचा. एकदा त्याने मजुरांच्या कॅम्पातल्या ढेकणांची तक्रार केली. काकांनी लगेच ऐकवलं, की राष्ट्राध्यक्षसुद्धा त्या मोजणीत उवांनी भरलेल्या घोंगडीत झोपला होता.

गुलजार म्हणाला, "काका, उसको बाद में पूरा मुल्क मिला. मेरे को सिर्फ गद्दा दे दो."

रविवारी काका टॅक्सीच्या डिकीत नवा गद्दा कोंबून त्याच्या कॅम्पवर हजर!

*

गणपतीत काका आमच्याकडे अल बर्शाला जेवायला आले. मोदक खाता खाता माझ्या मुलाला सांगू लागले, "सतराव्या वर्षी तो सरकारी सर्व्हेअर झाला, बरं का."

मुलगा म्हणाला, "अँड देन ही बिकेम प्रेसिडेंट. व्हॉट हॅपन्ड टु यू, काका?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका शांतपणे म्हणाले, "माझी मोजणी अजून चालू आहे, बाळा."

*

नवे मॅनेजर नायरसाहेब आले, तेव्हा त्यांनी एका फील्ड बुकातल्या चुकीच्या आकड्यावर व्हाइटनर लावला. फील्ड बुक म्हणजे साइटवरच्या मोजमापांची वही. काकांनी ती त्यांच्यासमोर धरली.

"साब, सफेदी दीवार को लगाते हैं. किताब में गलती मिटाने का नहीं. एक लकीर मारो, ऊपर सही लिखो, बाजू में साइन करो. गलती दिखनी चाहिए."

नायरसाहेबांनी वही मिटून परत दिली. काकांचं यंदा काही खरं नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो. साठीनंतर त्यांच्या नोकरीचं रिन्यूअल दर वर्षी मॅनेजरच्या मर्जीवर असतं.

*

रिन्यूअलचा फॉर्म नायरसाहेबांच्या टेबलावर होता, त्याच आठवड्यात अजमानच्या एका व्हिलाची कंपाउंड वॉल निम्मी झाली होती. काका जुनं फील्ड बुक चाळत होते. एकाएकी थांबले.

भिंतीच्या शेवटच्या कोपऱ्याची खूण करताना यंत्राची बॅटरी संपली होती, म्हणून त्यांनी टेप वापरली होती. टेपचं टोक तुटलेलं. ती एक मीटरच्या खुणेपासून धरली, तशी पेन्सिलने नोंदही केली, आणि तो एक मीटर हिशेबात घ्यायचा राहून गेला. भिंत मालकाच्याच जमिनीत एक मीटर आत आली होती. पलीकडचा प्लॉट रिकामा, व्हिलाचा मालक सुट्टीवर. कुणालाच पत्ता नव्हता.

मी माझं खोडरबर पुढे केलं. मला त्याची आजही लाज वाटते. "काका, एवढी नोंद पुसा. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहिला, सही केली आणि वही घेऊन केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले.

नायरसाहेबांनी पान बघितलं. मग काकांकडे बघितलं. "काका, आज ही बताना था?"

"कल तक सीमेंट और पक्का हो जाएगा, साब."

दुसऱ्या दिवशी भिंत पाडली. दुपारी काकांचा फॉर्म फाइल करायला माझ्याकडे आला. रिन्यूअलच्या रकान्यात 'नो' लिहिलेलं होतं. त्यावर एक सरळ रेघ, वर 'टू इयर्स', आणि बाजूला नायरसाहेबांची सही.