उदाचे दात

माझा हात चांगला होता आणि ते मला पुरतं ठाऊक होतं. ठाण्यात मी मोजणीचे नकाशे काढायचो. माझ्या रेषेला साहेबही नावं ठेवत नसत. म्हणूनच हिमालयाच्या पायथ्याशी सापडलेला, दगड झालेला एक जबडा त्यांनी माझ्या हवाली केला.

"दिसतं तसंच काढा. परवाच्या डाकेने विलायतेला जाईल, छापून येईल. खाली तुमचं नाव घालू."

छापील नाव! माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

कोपरीतल्या घरी ओटीवर बसून दिवसभर चित्र काढलं. जनावर बिबट्याएवढं तरी असावं. मागचे दात मात्र रुंद, बोथट. एवढं दांडगं जनावर आणि असले दात? झिजले असणार, असं ठरवून मी त्यांना छान टोकं काढली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलशेतची कोळीण मासळी घेऊन आली. पाटी उतरवताना तिची नजर जबड्यावर गेली.

"यो तं ऊद! पन केवरा मोठा!"

ऊद म्हणजे आपल्या खाडीतलं पाणमांजर. मी हसून तिला चित्र दाखवलं. ती हसली नाही.

"दादा, हे दात खोटं. धारेनं खेकरा फुटतो काय? आमच्या बांधावर ऊद रोज खेकरं खातो, कवचांचा खच परतो. कवच भरराया बोथट दातच लागतान."

मी जबडा उजेडात धरला. झीज नव्हतीच, ते गोल उंचवटे मुळातलेच होते. कुठल्याशा जुन्या नदीकाठी शिंपले फोडून खाणारा अवाढव्य ऊद माझ्या ओटीवर होता आणि मी त्याचा वाघ करून टाकला होता. लाज वाटली. रागही आला, तोही तिचाच!

साहेबांची नजर अधू. गप्प बसलो असतो तर त्यांना कळलंही नसतं. पण खोट्या दातांखाली माझं नाव मला सोसवेना. दिवस मावळायच्या आत नवं चित्र काढलं, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

"दिसतं तसंच काढा म्हटलं होतं ना?" साहेब लालबुंद झाले. नवं चित्र त्यांनी ठेवून घेतलं, पण खालचं माझं नाव खोडलं.

पुढे छापील पान आलं. चित्राखाली एकट्या साहेबांचं नाव होतं. मी ते कोळणीला दाखवलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिने मागच्या दातांवरून सावकाश बोट फिरवलं.

"आता फुटंल खेकरा," ती म्हणाली.