बापूंच्या धनुष्याची दोरी

आधीच सांगून टाकतो... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचायचो आणि शेजारच्याला वाचून दाखवून हसायचो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीपुढं बावीस वर्षं झाली माझी. शिफ्ट सुटल्यावर भूत बघायलासुद्धा अंगात त्राण उरत नाही हो. आज लिहितोय तेही दमलेल्या अंगानंच, तेव्हा सांभाळून घ्या.

बापू, अस्लम आणि मी, आम्हा तिघांना एक नाद आहे — तिरंदाजी. टीव्हीवर दिसते ती पुल्या-बिल्या लावलेली नव्हे. कळकाचं, म्हणजे जाड बांबूचं धनुष्य, बारीक वेळूचे बाण, मागं कोंबड्याची पिसं. आता कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगतो — शिकार नाही. कायद्यानं बंदी आहे, आणि बापूंना कोंबडी कापलेलीसुद्धा बघवत नाही. आम्ही मारतो ते फोमचं रानडुक्कर. अस्लमनं कापलंय, त्यामुळं लांबून म्हशीचं रेडकू वाटतं. कुणी काही बोललं की अस्लम म्हणतो, "तुमचा नेम लागतोय का आधी बघा, मग डुकराला नावं ठेवा."

अस्लमचं घर चपलांच्या कामातलं. बोटाला लावायचं चामडं, मनगटावरचा पट्टा, बाणांचा भाता... सगळं त्याच्या हातचं. पिसं बांधायचं काम माझं. आणि धनुष्य बापूंचं. बापू आमच्याच फौंड्रीतून रिटायर झालेले, पॅटर्न शॉपचे सुतार. लाकडाचा साचा केसभरही चुकला तर मोडून पुन्हा करणारा माणूस. डाव्या अंगठ्याचं पेर करवतीत गेलेलं, तरी कळक असा तासायचे की हात फिरवत राहावं.

हातकणंगल्याच्या अलीकडं बापूंचं रान आहे. रविवारी सकाळी सातला तिथं जमायचं. ज्याचा बाण चुकेल त्यानंच गवतातून शोधायचा, बाकीच्यांनी बांधावर बसून चहा पीत शिव्या घालायच्या. त्या दोन तासांवर मी पुढचे सहा दिवस काढायचो, खोटं कशाला बोलू.

बापूंचा एक नियम मात्र कडक. नेमबाजी झाली की धनुष्याची दोरी उतरवायची. दोरी चढवून ठेवलं की कळक वाकडा बसतो, जोर जातो, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिलं तर कामातूनच जातं. आणि ज्यानं दोरी चढवली त्यानंच ती उतरवायची. "कुणाच्या तरी भरवशावर ऱ्हायलं की धनुष्य मेलंच म्हणून समज," असं ते म्हणायचे.

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी बापूंनी त्यांचं नवं धनुष्य माझ्या हातात दिलं. कळक वर्षभर सावलीत वाळवून केलेलं. खांदा साथ देत नव्हता म्हणून हे शेवटचंच, असं ते बोलून गेले होते. "आज तू चढव दोरी," म्हणाले. आजवर त्यांनी स्वतःचं धनुष्य कुणाला चढवू दिलं नव्हतं. मला काय आनंद झाला सांगू! मी दोरी चढवली, दोन बाण मारले... आणि मागं धप्प आवाज झाला.

बापू बांधावरून खाली पडले होते. तोंड वाकडं, उजवा हात लुळा.

मग काय धावपळ झाली ते विचारू नका. अस्लमनं टेम्पो लावला. मी धनुष्य रानातल्या जुन्या मोटरखोलीत खुंटीला अडकवलं — दोरीसकट — आणि कुलूप लावून पळालो. त्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडं. दुसरी कधीचीच विहिरीत पडलेली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला सोडलं. बापूंना बोलता येत नव्हतं नीट. जीभ जड. मला खुणेनं जवळ बोलावलं आणि मोठ्या कष्टानं एकच शब्द काढला, "उतर... उतरवलंस?"

मला तोपर्यंत आठवणसुद्धा नव्हती! आणि मी बोलून गेलो, "व्हय बापू. त्याच दिवशी उतरवलं की."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि डोळे मिटले.

त्याच संध्याकाळी जाऊन दोरी उतरवणार होतो, देवाशप्पथ. पण दोन कामगार गावी गेलेले, मला डबल ड्युटी लागली. घरी यायचं, भाकरी मोडायची, आडवं व्हायचं. आज जातो, उद्या जातो... आठ दिवस गेले. मग पाय उचलेनात ते निराळ्याच कारणानं. धनुष्य आता बिघडलंच असणार, ते डोळ्यांनी बघायचं कसं? बापू अंथरुणावर, त्यांच्या हातचं शेवटचं काम मी घालवलं, आणि वर त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. बायको म्हणाली, "सांगून टाका आन मोकळं व्हा की." तिचं बरोबर होतं. पण मला जमेना.

एकोणीस दिवसांनी गेलो. पहिली शिफ्ट करून, दुपारी अडीचला. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. कुलूप उघडलं. आत जमिनीवर धुळीचा थर, शेजारच्या खडी क्रशरची पांढरी भुकटी फटीतून येऊन बसलेली. त्यावर पावलाचा एकही ठसा नव्हता, उंदराचासुद्धा नाही.

धनुष्य खुंटीलाच होतं. दोरी उतरवलेली.

मी दारातच उभा राहिलो. पुढं जाऊन हात लावला तर बोटाला तेल लागलं. जवसाचं तेल... बापू दोरी उतरवल्यावर कळकाला चोळायचे ते. अजून ओलं होतं. एवढ्या उन्हात! आणि दोरी धनुष्याच्या मुठीभोवती गुंडाळलेली होती, उलटी. अस्लम आणि मी सरळ गुंडाळतो. अंगठ्याचं पेर नसल्यामुळं बापूंना तसं जमायचं नाही, ते उलटी फिरवून शेवट आत खोचायचे. मी नंतर घरी कितीदा तरी तसं करून बघितलं. दोन वेढ्यांत सुटतं.

धनुष्य सरळच्या सरळ होतं. तसूभरही वाकलं नव्हतं. मला रडू आलं, आणि का आलं ते मला कळलं नाही.

अस्लमला फोन केला. तो म्हणाला, "तूच उतरवलं आसशील रं. डबल ड्युटीत डोकं ठिकाणावर ऱ्हातंय व्हय तुझं?" मी म्हटलं, बरं, मग पावलं? मग तेल? तसा अस्लम म्हणाला, "बापूंस्नी सांगून टाक बाबा. मला भ्या वाटायलंय."

दोन दिवसांनी मी बापूंकडं गेलो, तोवर ते घरी आले होते. उजवी बाजू गेलेलीच, पण बोलणं बरंच सुधारलेलं. मावशी म्हणजे बापूंची बायको त्यांना चमच्यानं आंबील भरवत होत्या. मी कॉटशेजारी बसलो आणि सगळं ओकून टाकलं. विसरलो ते, खोटं बोललो ते, एकोणीस दिवस तोंड लपवलं ते. शेवटी विचारलं, "बापू, तुमी... तिकडं गेलता का वो?"

ते हसायला लागले. आंबील सांडली. "आरं येड्या, मुतायला न्यायचं म्हटलं तर दोन माणसं लागत्यात मला. मी काय हातकणंगल्याला जातोय?"

मावशी हसल्या नाहीत. वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "परवा दुपारी लई घाम आलता ह्यांस्नी. अंथरूण भिजलं. डोळं मिटून डावा हात नुसता फिरवत हुते. मी म्हटलं, आलाय परत झटका."

"सपान पडलं आसंल," बापू म्हणाले. "मला न्हाय काय आठवत."

मी उठायला लागलो तसा त्यांनी डाव्या हातानं माझा शर्ट धरला. "आन खोट्याचं म्हणशील तर मला त्याच दिशी कळलंतं. दवाखान्यातच."

"मग बोलला का न्हाईसा? शिव्या तरी घालायच्या."

"तुझं तोंड बघितलं की मी. भट्टीवरनं तसाच आलतास, उभ्या उभ्या झोपंला आलतास. म्हटलं, आता ह्याला आजून एक काम कुठं सांगायचं..."

मावशींनी चहा केला, तो प्यालो आणि घरी आलो.

ती दोरी कुणी उतरवली, मला माहीत नाही. उगाच तर्क लावून सांगणाऱ्यांना हात जोडतो, ते सगळे मी लावून बघितलेत. बापू आहेत अजून. खुर्चीत बसतात, तोंड डाव्या अंगानं हसतं. दर रविवारी सकाळी अस्लम आणि मी त्यांना खुर्चीसकट टेम्पोत चढवून रानात नेतो. मी कितीही दमलेला असलो तरी जातो.