नाव झाकून वाचलेला अर्ज

एका बँकेचे सर्व्हर सांभाळणं ही त्याची नोकरी, आणि आसपासच्या चार शहरांतल्या संगणकवाल्यांचं दरवर्षी संमेलन भरवणं ही नसती उठाठेव. बायको त्याला ‘बिनपगारी फुल अधिकारी’ म्हणायची.

दोन गोष्टींवर मात्र तो हटून बसला होता. भाषणांसाठी आलेले अर्ज नाव झाकून वाचायचे आणि नकार दिला, तर कारणही कळवायचं. पूर्वी ओळखीपाळखीचेच लोक व्यासपीठावर चढायचे. ते त्याने सगळ्यांशी भांडून बंद पाडलं. नियम चांगलेच होते. पण चांगल्या नियमांचीही माणसाला घमेंड चढते.

या वर्षी एकशेचाळीस अर्ज आले. ऑफिसात डबा खाता खाता तो एकेक उरकत होता. एक अर्ज जुन्या यंत्रांवरची माहिती नव्यांवर हलवण्याबद्दल होता. त्याने नाक मुरडलं आणि शेरा ठोकला: ‘ही पद्धत कधीच मोडीत निघाली. हा माणूस दहा वर्षं झोपला होता का?’ पाठवण्याआधी भाषा मवाळ करायची होती. घाईत राहून गेली. नकाराच्या मेलबरोबर शेरा जसाच्या तसा गेला.

रविवारी ताईचा फोन आला.

“अरे, यांनी तुझ्या संमेलनाला अर्ज केला होता. तुला सांगू नकोस म्हणाले, वशिला नको. काल नकार आला. कोणीतरी फार लागेल असं लिहिलंय, ‘दहा वर्षं झोपला होता का’ म्हणून. कालपासून जेवले नाहीत. उद्या मुलाखत आहे, तिकडेही जात नाही म्हणतात.”

तो तसाच ताईच्या घरी निघाला. भावोजींची नोकरी जाऊन चौदा महिने झाले होते, आणि इतक्या दिवसांत मुलाखतीचं बोलावणं हे एवढंच. त्याला शाळकरी वयात पहिला संगणक उघडून दाखवला होता तो त्यांनीच.

संमेलनाच्या कमिटीतल्या कुण्या दीडशहाण्याने लिहिलंय, असं सांगायचं त्याने वाटेत पक्कं केलं होतं. पण दाढी वाढलेले भावोजी समोर दिसले आणि त्याला खोटं बोलवेना.

“तो शेरा मी लिहिला, भावोजी. नाव झाकलेलं होतं. तुमचं आहे हे कळलं असतं, तर असं कधीच लिहिलं नसतं. शप्पथ!”

भावोजी म्हणाले, “ते मला माहीत आहे. नाव दिसलं असतं तर चांगलंच लिहिलं असतंस. दिसलं नाही म्हणून खरं लिहिलंस.”

“तसं नाही हो, मी नीट वाचलंसुद्धा नव्हतं...”

“राहू दे रे,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ताई उद्यासाठी इस्त्री केलेला शर्ट घेऊन बाहेर आली. भावोजींनी तो तिच्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि कपाटात खालच्या कप्प्यात ठेवून दिला.